नाकातलं वजन

माझी आत्या दात करते. ती डेंटिस्ट नव्हे. डेंटिस्ट तोंडात बघतो, जबड्याचं माप घेतो आणि ते आत्याकडे पाठवून देतो. आत्या त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतते, मेणात एकेक दात बसवते आणि कवळी तयार करते. अर्ध्या गावाचं हसू माझ्या बहिणीच्या हातचं आहे, असं माझे बाबा चारचौघांत अभिमानाने सांगतात. बाबांना थोरल्या बहिणीचं कौतुक फार. कौतुक करायला तीन जिने चढावे लागत नाहीत.

दातांमधून उरलेल्या वेळात आत्या विमानं करते. खेळण्यातली नव्हेत. खऱ्या विमानाच्या बरोबर बहात्तराव्या हिश्श्याची, खिडक्यासुद्धा मोजून तेवढ्याच. खोक्यात करड्या प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले तीन-चारशे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे. ज्या चिमट्याने ती दाढ उचलते त्याच चिमट्याने वैमानिकाची खुर्ची उचलते. अशी एकवीस विमानं तिच्या कपाटावर ओळीने उभी आहेत. ती स्वतः मात्र आजवर एकदाही विमानात बसलेली नाही. विचारलं की म्हणायची, "कुठे जायचंय मला?" खरं उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं.

खरं उत्तर पलीकडच्या खोलीत पडून होतं. माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, एका शाळेचे हेडमास्तर होते. सगळं गाव त्यांना अजून हेडसर म्हणतं. सात वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून त्यांनी अंथरूण धरलं. डोकं मात्र शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. त्यांना सांभाळायला एकामागून एक तीन बायका ठेवून झाल्या. तिघींनाही हेडसरांनी उशी कशी ठेवावी आणि पेला कुठल्या हाताने द्यावा हे शिकवून शिकवून पळवून लावलं. चौथी ठेवायच्या भानगडीत मग कोणी पडलं नाही. आत्या होतीच. तिने दातांच्या लॅबमधली पूर्णवेळ नोकरी सोडली, आणि लॅबवाले जबडे खोक्यात भरून घरीच पाठवायला लागले.

आजोबांच्या उशाशी त्यांची ऑफिसातली पितळी घंटा असायची. निवृत्तीच्या दिवशी शिक्षकांनी ती त्यांना भेट दिली होती. घंटा लहान, मुठीत मावणारी, पण तिचा आवाज हाडात शिरायचा. पाणी हवं, घंटा. कूस बदलायची, घंटा. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते आत्यालाही दिसतंय का, हे बघायला घंटा. आत्याचं टेबल स्वयंपाकघर आणि आजोबांची खोली यांच्या मधल्या बोळात होतं. तिथून त्यांचे पाय दिसत. टेबलावरच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे. वरून विमान गेलं की घरघर ऐकू यायची, पण ते बघायला कमरेपर्यंत बाहेर वाकावं लागायचं. मी नोकरीतून सुट्टी काढून तिथे राहायला जायचे, आणि चौथ्या दिवशी मला श्वास अपुरा पडल्यासारखं व्हायचं. मग मी घरी जायचे. आत्याला चौथ्या दिवशी काय होत असेल, हे मी तीस वर्षांची होईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही, याची मला लाज वाटते.

बाविसावं विमान आत्याने दीड वर्ष केलं. दोन पंख्यांचं, अठ्ठेचाळीस माणसांचं लहानसं प्रवासी विमान. तिने आतल्या अठ्ठेचाळीस खुर्च्या रंगवल्या, त्यांना पट्टे लावले. एकदा धड बंद झालं की त्यातलं काही म्हणजे काही दिसणार नव्हतं.

"मग कशाला मरतेस?" मी विचारलं.

"कवळीची टाळूकडची बाजू तरी कोण बघतं? जिभेला कळतं ना." मग चिमट्याचं टोक एका खुर्चीवर टेकवून ती म्हणाली, "ही चौदा नंबर. खिडकीची. माझी."

ती हसत म्हणाली, पण मी ते मनावर घेतलं. मोठ्या शहरात दर वर्षी अशा प्रतिकृतींचं प्रदर्शन भरतं. त्याच आठवड्यात कंपनीने मला तिथे ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं होतं. मी विमानाची दोन तिकिटं काढली, आत्याचं चौदा नंबरचं. बाबांना गाठून कबूल करून घेतलं की चार दिवस ते आजोबांजवळ राहतील. बाबा म्हणाले, "अगं, त्यात काय विचारायचं? माझे वडील नाहीत का ते?" आत्याने कॅलेंडरवर खूण केली नाही, पण एक नवी बॅग आणली आणि टेबलाखाली ठेवली. जाता-येता तिला पाय लावून बघायची.

निघायला दहा दिवस उरले असताना विमान शेपटीवर बसलं.

पुढे एक चाक आणि पंखांखाली दोन, अशा विमानाचं मागचं अंग जड असतं. म्हणून धडाचे दोन अर्धे जोडण्याआधी नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर नाक आभाळाकडे आणि शेपूट टेबलावर. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आत्याने भिंतीवर 'बंद करण्यापूर्वी' असा कागदच लावला होता, आणि त्यावर 'नाकात वजन' या ओळीपुढे बरोबरची खूणही होती. गळाला लावतात तसल्या शिशाच्या गोळ्या तिने तोलून डबीत काढल्या होत्या, खूण केली होती, आणि तेवढ्यात घंटा वाजली. परत आली ती पुढची ओळ वाचत. धड बंद केलं, सांधा घासला, रंग दिला, आणि चाकं लावायच्या दिवशी विमान आमच्या डोळ्यांदेखत हळूच मागे कलून बसलं.

मला हसू फुटलं. आत्याही हसली. मग तिने त्या कागदावरच्या खुणेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "बावीस वर्षं दात करतेय. असलं कधी झालं नव्हतं." शेपटीखाली पारदर्शक काडीचा टेकू देऊन तिने ते उभं केलं. "प्रदर्शनात चालतं असं. पण लबाडी आहे. नाक कापून करीन नीट."

निघायच्या दोन दिवस आधी बाबांचा फोन आला. त्यांच्या कमरेत उसण भरली होती, आणि माझ्या आईला एकटीला कसं सोडायचं, आणि हवा बदललीय, आणि पुढच्या वर्षी नक्की. आत्या "बरं" म्हणाली. "काळजी घे, शेक दे कमरेला," असंही म्हणाली. मी तिथेच होते. फोन ठेवून तिने बॅग टेबलाखालून काढली आणि कपाटावर टाकली.

मी बाबांवर तोंडसुख घेतलं. अर्धा तास घेतलं. उसण काय, लाज काय, सगळं काढलं. आत्या कवळी घासत ऐकत होती. मी काय बोलत नव्हते तेही तिला ऐकू येत असणार. ट्रेनिंग पुढच्या महिन्यातही होतं. मी एक ईमेल लिहिला असता, चार दिवस त्या बोळात बसले असते, तर आत्या गेली असती. ते शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण मला तो चौथा दिवस आठवला. ही घंटा एकदा आपल्या हाताखाली आली की कायमची येईल, अशी भीती मला वाटली, आणि मी पुन्हा बाबांनाच शिव्या घालायला लागले.

"तू जा," आत्या म्हणाली. "विमान घेऊन जा. ते तरी बघून येईल."

गुरुवारी सकाळी मी खोकं घ्यायला गेले तेव्हा विमान स्वतःच्या तीन चाकांवर उभं होतं. टेकू नाही, काही नाही. नाक कुठे कापलं होतं ते भिंग लावूनही कळलं नसतं. "एका दिवसात केलंस?" मी म्हटलं. ती स्पंजमध्ये विमान बसवत राहिली. आतून आजोबांची हाक आली, "अगं ए, कोणी आहे का?"

"हाक का मारतायत? घंटा कुठेय?"

"बिघडली," आत्या म्हणाली. "हाक मारू दे. हाक तरी माणसाला मारतात."

विमानात चौदा नंबरची खुर्ची रिकामी गेली. मी शेजारच्या पंधरा नंबरवर होते, खोकं मांडीवर. उड्डाणाच्या वेळी मी झाकण थोडं उघडलं. शहाण्या माणसाने करू नये असला तो वेडेपणा होता, पण मी केला.

प्रदर्शनाचा परीक्षक विमानांचा निवृत्त मेकॅनिक होता. त्याने बारीक टॉर्च खिडक्यांना लावला आणि बराच वेळ एकेक ओळ बघत राहिला. "खुर्च्यांना पट्टे आहेत," तो शेजारच्याला म्हणाला. मला रडू यायच्या बेतात होतं. मग त्याने विमान उचलून तिरकं केलं. आतून टक् असा आवाज आला. सरळ केलं, पुन्हा टक्.

"नाकातलं वजन सुटलंय," वैमानिकाच्या काचेतून टॉर्च मारत तो म्हणाला. "शिसं नाही हे. धातूचा एकच मोठा तुकडा आहे. प्लास्टिकचं चिकटवण लावून घाईत बसवलाय, ते धातूला धरत नाही. एवढं काम येणाऱ्या माणसाने असं कसं केलं? त्या आल्या का नाहीत?"

"त्यांना सुट्टी मिळाली नाही," मी म्हटलं.

त्याने मार्क कापले. कापायलाच हवे होते. तरी जाताना त्याने पुन्हा एकदा टॉर्च लावून आत बघितलं.

सोमवारी दुपारी मी खोकं परत घेऊन तीन जिने चढले. आत्या टेबलाशी होती, समोर कोणाचा तरी खालचा जबडा आणि त्याच्या शेजारी तेविसाव्या विमानाचे पंख. परीक्षकाने काय काय बघितलं ते मी सांगितलं. पट्ट्यांचं ऐकून ती लाजली. सुटलेल्या वजनाचं ऐकून नुसतं "हं" म्हणाली. तेवढ्यात माझं लक्ष गेलं: शिशाच्या गोळ्यांची डबी तिथेच होती, भरलेली, झाकण घट्ट.

"मग नाकात काय घातलंस?"

आत्याने आजोबांच्या खोलीकडे नुसती मान वळवली. मी आजोबांच्या खोलीत गेले. ते डोळे मिटून पडले होते. उशाशी घंटा होती. मी ती उलटी करून बघितली. आतला लोळा, जो आपटून घंटा वाजते, तो नव्हता. नुसती कडी होती, आणि तिच्यावर बारीक करवतीची चकाकती खूण.

मी बाहेर येऊन आत्यासमोर उभी राहिले. मला तिची भीती वाटली, आणि अभिमानही वाटला.

"बुधवारी दुपारी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "नाक कापून झालं होतं. शिसं हातात घेतलं होतं. तर वाजली. पाणी दिलं, परत आले, तर वाजली. पाच वेळा. मग म्हटलं, जाऊ दे हिलाच. निदान दोन तास आभाळात राहील, खाली तरी वाजणार नाही." ती किंचित हसली. "आता वाजत नाही. पाच दिवस झाले. इतकं शांत वाटतं घर."

तिने चिमट्याने एक दात उचलला, मेणात टेकवला, आणि अर्ध्यावर थांबली. मान वर केली. मी कान दिला. आतून काहीच आवाज नव्हता, हाक नाही, खोकला नाही. मी वळून दारातून बघितलं. आजोबा जागे झाले होते. सवयीने त्यांनी घंटा हातात घेतली होती, आणि छताकडे बघत ते ती मुकी घंटा हलवत होते.

आत्याची त्यांच्याकडे पाठ होती. तिने चिमटा खाली ठेवला, हात पुसले.

"आले हं," ती म्हणाली, आणि उठली.