देवडीतली खिडकी

नसीबाचं शिवणाचं मशीन सरदारांच्या गढीच्या देवडीत होतं. देवडी म्हणजे दरवाजाच्या आतल्या अंगाची, पूर्वी पहारेकरी बसायचे ती दगडी खोली. तिथं उजेड यायचा तो बाहेरच्या भिंतीतल्या जंगीतून. बंदुकीची नळी टेकवायला ठेवलेली ती फट आतून ऐसपैस, बाहेर जेमतेम चार बोटं. दिवसभर बल्ब जळायचा. लाइट गेली की नसीबा हातावर हात ठेवून बसायची. समोरच्या रस्त्यानं खालापूरला जाणाऱ्या बायांना भिंतीआड दुकान आहे हेच कळत नसे. ज्यांना कळायचं, त्या मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून, म्हणजे बुटक्या दारातून, वाकून येताना कपाळ आपटून घ्यायच्या.

"दादा, एक खिडकी पाडू द्या," असं गढीचे मालक योगेंद्र यांना सांगून तिची जीभ झिजली. उत्तर ठरलेलं. "ताई, पूर्वजांची भिंत आहे. हात लावायचा नाही."

मग एकदा योगेंद्रांच्या बायकोच्या, जागृतीच्या हिरव्या ब्लाउजला बल्बच्या मंद उजेडात निळा दोरा लागला. ते लक्षात आलं भर लग्नात. घरी येऊन जागृती नवऱ्यावर कडाडली, "आधी तिला खिडकी पाडू द्या!"

दशरथ गवंडी आला. जंगीच दोन्ही बाजूंनी रुंद करायची ठरली. बाहेरचा एक चिरा निघाला मात्र, आतून माती नि गोटे भडाभडा सांडू लागले.

"आत भरीव दगड नाय, नुसती भर हाय!" दशरथ ओरडला. वरच्या चिऱ्याला तडा गेला. त्यानं हाताला लागेल तो दगड भोकात ठोसला. योगेंद्र पांढरेफटक पडले. "बुजवा! सगळं बुजवा!"

संध्याकाळपर्यंत विटा-सिमेंटनं भोक लिंपलं. त्याखाली जंगीही गेली. होता तेवढा उजेडही गेला.

"तोफंला भ्याली नाय ही भिंत," नसीबा संतापून म्हणाली, "आन् माझ्या खिडकीला भ्याली!"

दुसऱ्या दिवशी तिनं मशीन ओढत बाहेर आणलं आणि दरवाजासमोर मांडलं. योगेंद्र कुरकुरले, "ताई, इथं बरं दिसत नाही."

"मला दिसतंय ना, दादा."

रस्त्यावरून डंपर गेला. नुकत्याच बेतलेल्या पांढऱ्या कापडावर धूळ बसली. ते झटकताना बाही उडून गटारात पडली. नसीबानं दात-ओठ खात ती उचलली, बादलीत टाकली आणि दुसरी कापायला घेतली.