नावं जोडणाऱ्या आक्का

आक्कांचा प्रोग्राम बरोबर चालला की अख्ख्या गल्लीला कळायचं. सुरतेच्या लिंबायतमधल्या त्या छापखान्याच्या दोन्ही अंगांना कापडाचे लूम धडधडत असायचे, तरी त्यांच्यावर आक्कांचा आवाज चढायचा, "देख, देख! कसं मस्त जोडाई गयं!" मग पडद्यावर जुळून आलेली नावं त्या आरती म्हणावी तशी मोठ्याने वाचून काढत. समोरचा पानवाला हातातलं पान तसंच ठेवून ऐकत बसे.

वीस वर्षं त्या लग्नपत्रिका टाइप करत होत्या. आम्हा खानदेशी माणसांच्या पत्रिकेत नवरा-नवरी दोघं, बाकी सगळा गोतावळा! काका, मामा, आत्या, भाचे, कुणी सुटता कामा नये. लोक यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत, एकाखाली एक नाव, मध्येच रिकाम्या ओळी. ती वाक्यात बसवता बसवता बोटं दुखायला लागली, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या बाईने मुलाचा जुना लॅपटॉप पुढे ओढला आणि हिंदी व्हिडिओ बघून पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला घेतली.

मी कॉम्प्युटरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. प्रोजेक्टचं बाइंडिंग करायला गेले आणि तिथलीच झाले. नावं घ्यायची, स्वल्पविरामाने जोडायची, शेवटच्या नावाआधी 'आणि' घालायचं, एवढंच ते काम. कॉलेजात सरांनी ते अर्ध्या तासात उरकलं होतं. आक्कांनी त्यावर महिना काढला, आणि काय महिना होता तो! एकच नाव असेल तर? दोनच असतील तर? रिकामी ओळ मध्ये आली आणि दोन स्वल्पविराम लागोपाठ पडले तर? रोज संध्याकाळी नवी शंका तयार असायची.

"एकट्याच्या मागे 'आणि' लावायचं नाही, पोरी," त्या म्हणायच्या. "वाचणारा उगीच दुसऱ्याची वाट बघतो." गुजराती गिऱ्हाईक आलं की 'आणि'च्या जागी 'अने' घालायची सोयही त्यांनी करून ठेवली होती. ती पहिल्यांदा चालली त्या दिवशी खुर्ची मागे सारून त्या उठल्या आणि माझे दोन्ही हात धरून मला गरागरा फिरवलं. कॉलेजात परीक्षेत माझा पहिला नंबर आला तेव्हाही मला कुणी असं नाचवलं नव्हतं.

माझ्या ताईचं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिका अर्थातच आक्कांकडे. यादी आली त्या दिवशी त्यांना एका साखरपुड्याला जायचं होतं. "तू चालव," म्हणाल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. काहीतरी करून दाखवावं म्हणून मी त्यांच्या प्रोग्रामात एक ओळ घातली. त्या ओळीने नावं अकारादी क्रमाने लागली. किती सुबक दिसत होतं! वडिलांना कच्ची प्रत दाखवायला गेले, तर मिलमधून दमून आलेले वडील म्हणाले, "आक्कांच्या हातचं काय तपासायचं?" साखरपुड्याहून परतलेल्या आक्कांनी नुसती नावं मोजली. भरली. चारशे पत्रिका छापल्या गेल्या.

निमंत्रकांच्या जागी छापलं होतं: अशोक, गुलाब, भिकन आणि वामन. भिकन म्हणजे माझे वडील, आमचे दादा. अशोककाका सगळ्यात धाकटे, ते पहिले. आणि ज्यांनी चारही भावांत आधी सुरत गाठली, एकेका भावाला आणून मिलमध्ये चिकटवलं, ते थोरले वामनकाका शेवटी. काकांच्या बमरोलीच्या घरून पत्रिका परत आली, सोबत निरोप: "भिकनले सांग, मनी जागा मी देखी लिधी." म्हणजे, माझी जागा कुठली ते मी बघून घेतलं. वडील खाटेवर बसले ते उठेचनात. वामनकाकांशिवाय ताईचं लग्न त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. "तरी सांगत होतो, हे कॉम्प्युटरचं खूळ घरात नको," ते कपाळाला हात लावून म्हणाले. मी परत आलेली पत्रिका उचलली आणि बाहेर पडले.

आक्कांकडे जाऊन मी ढसाढसा रडले. त्यांनी प्रोग्राम उघडला, माझी ओळ शोधली, पुसली आणि त्या जागी टीप लिहिली: घरच्यांनी दिला तोच क्रम. नवी पत्रिका छापून घेतली आणि मला घेऊन रिक्षाने थेट बमरोली गाठली.

वामनकाका दारातच बसले होते. मी बोलायला तोंड उघडलं, तर आक्कांनी माझं मनगट इतकं घट्ट दाबलं की वळ उठला. "चूक मनी शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "मना प्रोग्रामनी. पोरना लगनले या." काकांनी नवी पत्रिका वाचली, पुन्हा वाचली. मग आत बघून ओरडले, "चहा मांडा रे!" परतीच्या रिक्षात मी आनंदाने रडत होते आणि आक्का हसत होत्या.

लग्नात वामनकाका सगळ्यांच्या पुढे उभे होते. पण गल्लीत बभ्रा झाला तो झालाच: आक्कांच्या मशीनला लहान-मोठं कळत नाही. चार-पाच घरांनी पत्रिका दुसरीकडे नेल्या. मी म्हटलं, "आक्का, मी खरं सांगते." त्या माझ्यावर खेकसल्या, असं पहिल्यांदाच झालं. "तुझ्या बापाने उद्या तुझा लॅपटॉप उचलून माळ्यावर टाकला तर? मला वीस वर्षं ओळखतात लोक. दोन महिने नावं ठेवतील, मग येतील. तुझी सुरुवात आहे." लोक सगळे काही परत आले नाहीत.

आता आक्का नाशिकला मुलाकडे असतात आणि फोनवर अजून ओरडतात, "देख, आज काय चालनं!" मला नोकरी लागली, त्याचे पेढे वडिलांनी बमरोलीपर्यंत वाटले. पेढा देताना ते आजही हसत म्हणतात, "पोरगी हुशार, त्या आक्कांसारखा घोळ नाही करायची."

दादा, तुम्ही हे वाचाल म्हणूनच लिहिते आहे. ती ओळ माझी होती.