उलटा गुणाकार

आमच्या जिन्यात बातमी अशी, की मावशीला गुणाकार येत नाही म्हणून कामावरून काढलं. तळमजल्यावरच्या काकूंनी तर ओठ दुमडून, "एवढं शिकून काय उपयोग गं बाई!" म्हणत सुस्काराही सोडला.

धादांत खोटं. काढलेलं नाही, चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. आणि गुणाकार तिला येतो. घोटाळा झाला तो गुणाकार कोणी करायचा यात.

रुग्णाला थेंब थेंब औषध देणाऱ्या पंपाचा प्रोग्रॅम मावशी पायथॉन नावाच्या संगणकभाषेत लिहायची. त्यात तिने 'मात्रा' नावाचा स्वतःचा क्लास घडवला (शिकवणीचा नव्हे, प्रोग्रॅममधला साचा!) आणि गुणाकाराचं चिन्ह दिसलं की काय करायचं तेही त्याला पढवलं: दिवसभराच्या आकड्यांची अख्खी रांग घे, बेरीज मर्यादेबाहेर गेली तर बोंब मार. मात्रा डावीकडे, रांग उजवीकडे लिहून तिने तपासलं. मात्रेने बोंब मारली. मावशी खूश.

पुढे सहकाऱ्याने एके ठिकाणी रांग आधी लिहिली. पायथॉनमध्ये पहिला मान डावीकडच्याला. रांगेने कारभार हाती घेतला आणि एकेक आकडा सुटा करून मात्रेपुढे धरला. सुटा प्रत्येक आकडा सज्जनच! बेरीज कोणी केलीच नाही, मग बोंब मारणार कोण?

मावशीला हे उमगलं तेव्हा पंप इस्पितळात पोचला होता. साहेब नाकातून म्हणाले, "हे बघा, काय आहे ना, चाचण्या पास आहेत. उगाच घबराट कशाला?"

तिने त्यांच्यासमोरच फोन लावला. "सिस्टर, तो पंप... लावलात का?"

पलीकडे पावलांचा आवाज. मावशीने टेबलाची कड घट्ट धरली.

"लावतच होतो, मॅडम."

"नका लावू. माझ्या कामात चूक आहे."

दुरुस्ती एका ओळीची निघाली. मात्रेने रांगेला आधीच बजावायचं, 'तू मधे पडू नकोस, माझं मी बघते.' पण चौकशी काही टळली नाही.

"सहकाऱ्याने उलटं लिहिलं, साहेबांनी दामटलं, असं सांग," मी म्हटलं.

"उलटं लिहिणं गुन्हा आहे का गं? मीच एका बाजूने तपासलं."

"तिथे गेल्यावर नाही बोलायचीस तू असं! लाव पैज, हरेल तिने महिनाभर भांडी."

आज चौकशी झाली. मावशी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. पंपाचं काम तिच्याकडून काढलंय, बाकी नंतर कळवणार आहेत. मी बाह्या वर सारल्या आणि भांड्यांवर नळ सोडला.