चालयंत्रापुढचे गाऱ्हाणे

‘गाऱ्हाणे’ हा शब्द आधी नीट समजून घ्या, नाहीतर माझी फजिती तुम्हाला अर्धीच कळेल. आणि आज मी ती पूर्ण सांगणार आहे. चहा थंड झाला तर दोष माझा नाही! कोशात पाहाल तर गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. आमच्या मालवणाकडे मात्र गाऱ्हाणे घालणे म्हणजे देवाचे नाव घेऊन एखाद्यासाठी मोठ्या आवाजात मागणे. एकाने मागायचे आणि जमलेल्यांनी हात जोडून ‘व्हय महाराजा!’ म्हणायचे. तक्रारीचा त्यात लवलेश नसतो.

मी निवृत्त संस्कृत शिक्षक. निवृत्तीनंतर लवकरच हृदयाने जराशी कुरबुर केली. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी बजावले, “सर, रोज चाला. पण पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून नको.” पुण्याच्या मुलाने, विनायकाने, लगेच ट्रेडमिल धाडली. मी तिला चालयंत्र म्हणतो. घरात दुसरे कोणीही म्हणत नाही.

यंत्र पडवीत बसले. पावले मोजणारा पडदा, धरायला दोन दांडे, आणि पडद्याखालच्या खाचेत अडकणारी लाल किल्ली. किल्लीला आखूड दोरी, दोरीला चिमटा. बसवायला आलेला माणूस म्हणाला, “सर, हा चिमटा छातीपाशी सदऱ्याला लावायचा. धोका वाटला की मशीन आपोआप बंद.” तो पुढेही काही सांगू लागला होता, पण मी त्याला ‘चालयंत्र’ या शब्दाची घडण समजावू लागलो, आणि बिचारा चहा न घेताच निघून गेला.

आता तुम्हीच सांगा, छातीपाशी लावलेल्या चिमट्याला कसला धोका कळणार? गुडघ्याचा? मी निष्कर्ष काढला: ही दोरी हृदयाचे ठोके ऐकते. निष्कर्ष इतका तर्कशुद्ध होता, की खात्री करून घेण्याचे कारणच उरले नाही!

पहिल्या सकाळी झकास चाललो. इतक्यात देवळात आरतीची घंटा वाजली. देऊळ घराच्या मागच्या अंगाला. जन्माची सवय, मी वळलो, हात जोडले, वाकलो, आणि टक्! यंत्र थांबले. पडद्यावरची पावले पुसली गेली. किल्ली खाचेतून निसटून माझ्या पोटावर लोंबत होती. माझ्या हृदयाला कंटाळून यंत्राने ती सोडून दिली होती, दुसरे काय?

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि नेमके आरतीच्या वेळी! देवाचे बोलावणे याहून स्पष्ट ते काय असणार?

“अहो, छातीत दुखता काय?” सुमतीने, माझ्या पत्नीने, विचारले.

“नाही.”

“धाप लागता?”

“नाही.”

“मगे डॉक्टराकडे जाव्या.”

“नको. ते प्रवासाला बंदी घालतील.”

कारण आठवड्याने पुण्यात नातीचे बारसे होते. ‘मृण्मयी’ हे नाव मी निवडले होते आणि ते पाळण्यापाशी शुद्ध उच्चारले जाते की नाही, हे मला स्वकर्णाने ऐकायचे होते. पण चौथ्या दिवशीही यंत्र थांबले, तेव्हा मी खचलो. म्हणालो, “तू एकटीच जा.”

सुमती गेली ती थेट शेजारच्या आबांकडे. देवळातली गाऱ्हाणी आबाच घालतात. घटकाभरात निम्मी वाडी पडवीत जमली. यंत्रापुढे पाटावर नारळ ठेवला गेला.

“मास्तर, चढा. चालत रवा, थांबू नकात,” आबा म्हणाले आणि खाकरले. “बा देवा महाराजा! ह्यां तुझां लेकरू आज ह्या मशनीर उभां आसा. तेचो तोल गेलो तर तेका सावर, पाय घसरलो तर खंय आसशीत थंयसून धावत ये, पण तेका पडूक देऊ नको रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

सगळ्यांनी हात जोडले. मी देवळाकडे वळून सगळ्यांहून खोल वाकलो.

टक्!

सगळ्यांचे जोडलेले हात तसेच राहिले; आत चुलीवर पेज तेवढी रटरटत होती.

“देवान आयकूक नाय,” आबा पुटपुटले.

“गो सुमती, तेंका आडवे कर!” कोणीतरी ओरडले. मला चटईवर निजवले. एकजणी सुपाने वारा घालू लागली. मी म्हणालो, “मला भूक लागली आहे.”

“बघलंस गो? शेवटची इच्छा!”

तेवढ्यात फोन खणखणला. पुण्याहून विनायक. सुमती हुंदके देत म्हणाली, “बाबांचां येवचां जमणा नाय रे! तेंचां काळीज आरतीक थांबता!” आणि फोन माझ्या कानाला लावला.

“बाबा, मशीन थांबायच्या आधी तुम्ही काय करता?”

“काहीही नाही. नमस्कार करतो.”

“कुणाला?”

“देवाला. देऊळ मागे आहे, म्हणून वळून, चांगला वाकून…”

 पलीकडे हास्याचा असा स्फोट झाला, की पाटापाशी उभ्या आबांनाही तो ऐकू गेला.

“बाबा, ती दोरी ठोके ऐकत नाही! माणूस पडायला लागला की ताण बसून किल्ली निघते आणि पट्टा थांबतो. तुम्ही रोज स्वतःच ती उपटताय!”

“आणि माझे हृदय?”

“त्याची त्या मशीनला ओळखसुद्धा नाही!”

अडाणी ठरल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता! उठलो आणि पोटभर पेज जेवलो. सुमतीने तरीही सावंतवाडीला नेलेच. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, “खुशाल जा पुण्याला. फक्त बसमध्ये नमस्कार दांडा धरूनच करा.”

मृण्मयीचे बारसे झाले. उच्चार? चालण्याजोगा.

आमच्या वाडीत हा किस्सा अजून सांगतात: मास्तर मशनीवरून पडले आणि गाऱ्हाणे फुकट गेले. दोन्ही चूक! मी एकदाही पडलो नाही. आणि आबांनी मागितले होते काय? ‘सावर, पडूक देऊ नको.’ ती लाल किल्ली पहिल्या दिवसापासून दुसरे काय करीत होती? देवाने सगळे ऐकले होते. ऐकले नव्हते ते मी, चहा न घेता गेलेल्या त्या माणसाचे.