दयेची कुस्ती
हळद-तेलाचा वास आला की मला लकडगंजातल्या आमच्या आखाड्याची माती आठवते, आणि पंचेचाळीस वर्षांनीही डोकं तापतं. माझा खांदा निखळला होता. सहा महिने एका हातानं रोज पहाटे ती माती उकरत मी पुन्हा उभा राहिलो. नागपंचमीला कुस्तीत उतरलो, तर माझा जोडीदार पहिल्याच पकडीत आपणहून चीत झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वस्तादांनी मानाचा नारळ हातात दिला. “काहून पडला बे?” मी ओरडलो. “तुह्या खांद्याले सांभाळून राहिलो होतो गा,” तो हळूच म्हणाला. मी नारळ तिथंच आपटला. परवा पंजा लढवताना नातवानं मुद्दाम हात सैल सोडला. दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. पहाटे उठून पुन्हा जोर मारायला मात्र लागलो.