पेनाने लिहिलेल्या तारखा

"पैसानं शे का बिनपैसानं?"

कोणीही तारीख मागायला आलं की मास्तरांचा अहिराणीतला पहिला प्रश्न हा, काम पैशाचं आहे की बिनपैशाचं. नमस्कार-चमत्कार नंतर. विचारता विचारता हात सदऱ्याच्या खिशाकडे गेलेला असायचा. खिशात दोनच वस्तू, एक शिसपेन्सिल आणि एक निळं पेन. उत्तर ऐकायचं, त्यातली एक काढायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायचं. फोनवर ते तारीख देत नसत. मोठमोठ्या लोकांना त्यांनी धुळ्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरी बोलावलं आणि कॅलेंडरसमोर उभं केलं.

मास्तर क्लॅरोनेट वाजवायचे. मी की-बोर्डवाला, राहायला धुळ्यातल्याच देवपुरात. माझा पाच-सहा जणांचा ऑर्केस्ट्रा. लग्नं, हळदी, जयंत्या, निरोपसमारंभ, जे मिळेल ते. आमच्यासारखे लोक तुम्ही पाहिलेत. म्हणजे पाहिले नसतील, ऐकले असतील. तुम्ही जेवत असता तेव्हा कोपऱ्यात जे चाललेलं असतं ते आम्ही. मास्तर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. माझ्याकडे नोकरीला वगैरे नव्हते, आमच्यात कोणी कोणाकडे नसतं. काम आलं की मी त्यांना सांगायचो, आणि ते पेन्सिल काढायचे.

कारण पैशाची कामं ते पेन्सिलीने लिहीत आणि फुकटची पेनाने.

मला आधी वाटलं, उलटं झालंय. म्हातारा विसरत असेल. एकदा म्हटलंसुद्धा, "मास्तर, पैशाचं काम पक्कं लिहावं ना. फुकटच्याचं काय एवढं?"

"पैसाना कामले मना जागावर दुसरा भेटी जाई," मास्तर म्हणाले. "फुकटना कामले कोन जाई, भो?"

बोलायला छान आहे हो. पण त्याचा त्रास मला व्हायचा. पेन्सिलीवर कधीही खोडरबर फिरायचं आणि ऐन वेळी दुसरा क्लॅरोनेटवाला शोधत मी गावभर फोन करत बसायचो.

आता कोणी म्हणेल, भोळा माणूस, कोणीही यावं आणि फुकट वाजवून घ्यावं. छे! भोळे तर ते अजिबात नव्हते. जळगावचा एक हॉलवाला आला होता. म्हणाला, "मास्तर, आमच्या उद्घाटनाला वाजवा. पैशाचं नाही जमणार, पण व्हिडिओ काढू, सगळीकडे टाकू. तुमचं नाव होईल." मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ना पेन, ना पेन्सिल.

"नाव त मना बापनी ठेयेल शे, भो. तू पैसानं बोल."

तो बिचारा चहा न पिताच गेला. ज्याला परवडतं त्याला फुकट नाही, हा त्यांचा नियम. पैशांऐवजी सत्काराची शाल देणाऱ्यांचा तर त्यांना भयंकर कंटाळा. भाभी, म्हणजे मास्तरांची बायको, त्या शालींनी कपाट भरल्याची तक्रार करायच्या. शेवटी मास्तरांनी एक शाल स्कूटरच्या सीटवर बांधून टाकली आणि तिच्यावर बसूनच पुढच्या सत्काराला गेले.

मग पेनाने लिहायचे तरी कोणाला? पहूरच्या अक्का घ्या. शाळेत पोरांचा स्वयंपाक करणाऱ्या. फार पूर्वी त्यांच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. वाजवणाऱ्यांनी सगळ्यांच्या शेवटी, मांडवामागे उभ्याउभ्या जेवायचं ही आमच्याकडची रीतच. आम्हीही ताटल्या घेऊन मागे निघालो होतो. अक्कांनी अडवलं. "दोन घंटे उभे होते ना तुम्ही? मग पहिल्या पंगतीत बसा," म्हणाल्या आणि स्वतः वाढलं. मास्तरांनी ते वीस वर्षं लक्षात ठेवलं. अक्का निवृत्त होणार हे कळल्यावर आपण होऊन कॅलेंडरवर पेनाने लिहून मोकळे.

आणि त्याच दिवशी जळगावला मोठं रिसेप्शन होतं. वर्षातून एखादं येतं तसं. मी हात जोडले, चिडलो, नको ते बोललो. मास्तरांनी पेन्सिल खोडली आणि एसटीने पहूरला गेले. मी कुठून तरी एक तरुण पोरगा धरून आणला. कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "कोणी म्हटलं का, मास्तर कुठे आहेत?"

कोणीच म्हटलं नव्हतं. यजमानाला तर कोपऱ्यात क्लॅरोनेट आहे हेही माहीत नसावं. मला मास्तरांचा फार राग आला, कारण त्यांचं खरं होतं आणि माझं अर्धं आयुष्य अशाच कोपऱ्यांत गेलं होतं.

मग दातांचं सुरू झालं. क्लॅरोनेट तोंडात धरताना वरचे पुढचे दात त्याच्या टोकावर टेकतात. ते गेले की सूर धरता येत नाही. कवळी लावून वाजवणारे असतात, पण मास्तरांच्या हिरड्यांत कवळीसाठीही जीव राहिला नव्हता, वर साखरेचा आजार. देवपुरातल्या दातांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, पुढचे चार लगेच काढा, पू झालाय, अंगात पसरेल. आणि काढल्यावर वाजवणं बंद.

"लग्नसराई होऊ द्या," मास्तर म्हणाले.

मला वाटलं, चला, उशिरा का होईना, म्हाताऱ्याला अक्कल आली. उरलेली फुंकर पैशाच्या कामाला वापरेल, चार पैसे गाठीला राहतील. कसलं काय! त्यांनी पेन्सिलीच्या तारखा एकेक करून खोडल्या. ती कामं दुसऱ्यांना देऊन टाकली. फक्त पेनाच्या ठेवल्या.

त्याच सुमारास माझ्या मुलीचं लग्न ठरलं. लहानपणी ती मास्तरांच्या मांडीवर बसून क्लॅरोनेटच्या भोकांवर बोटं ठेवायची आणि मास्तर तेवढेच सूर काढून दाखवायचे. वरमाला घालताना मास्तरांनीच वाजवायचं, हे तिने नवरा ठरायच्या आधी ठरवलेलं. मी रीतीप्रमाणे कॅलेंडरसमोर जाऊन उभा राहिलो.

"पैसानं शे का बिनपैसानं?"

"पैशाचं," मी ठासून म्हटलं. "आयुष्यभर तुम्हाला फुकटच्या कामांवरून बोललोय. माझ्या घरचं फुकट नको."

"लेसू ना. तुनाकडथीन नही लेवानं त कोनाकडथीन लेवानं?" मास्तर हसत म्हणाले आणि खिशाकडे हात नेला. तेवढ्यात मला मांडववाल्याचा फोन आला म्हणून मी बाहेर गेलो.

खरं सांगू? घरी जाताना मला वाईट वाटत होतं. स्वतःच पैसे देतो म्हटलं होतं, तरी 'घेईन ना' म्हणण्याआधी मास्तरांनी एकदा नको म्हणायला काय हरकत होती? पहूरच्या अक्कांना पेन आणि मला पेन्सिल! पण बोलणार कोणाला.

पुढे गाल सुजला. भाभींनी फोन केला, मी गेलो, ओरडलो. "मास्तर, आज चला. आत्ता."

"एक काम बाकी शे. ते करी लेऊ दे, मंग बठ्ठा दात काढी टाकू."

"सगळे दात नंतर काढणार? कुठलं काम? कुठल्या तरी मंडळाचं फुकटचं काम, आणि त्यासाठी जीव घालवताय? कोण आहे एवढं सोन्याचं?"

मास्तर तोंडावर हात ठेवून हसले. दुखत होतं म्हणून हात ठेवला असेल. मी रागाने निघून आलो. चार दिवस फोनही केला नाही. पाचव्या दिवशी ताप चढला म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. माझा हात धरून त्यांनी दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली, भोकं दाबावीत तशी. दोन दिवसांनी ते गेले.

आमच्यात एक पद्धत आहे. वाजवणारा गेला की त्याच्या राहिलेल्या तारखा बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या, म्हणजे कोणाचा कार्यक्रम अडत नाही. आठवड्याने मी भाभींकडे त्यासाठीच गेलो. त्यांनी कॅलेंडर उतरवून माझ्या हातात दिलं. मी पानं उलटली. सगळीकडे पेन्सिल खोडल्याचे राखाडी डाग. पेनाच्या होत्या त्या तारखा उलटून गेलेल्या.

एकच तारीख राहिली होती. माझ्या मुलीच्या लग्नाची. पेनाने लिहिलेली.

मी भाभींसमोर लहान पोरासारखा रडलो. मी ज्या कामाला शिव्या घातल्या होत्या, ते माझंच होतं.

लग्नाच्या आधी दोन-तीन क्लॅरोनेटवाल्यांचे फोन आले. चांगली माणसं. "दादा, मास्तरांच्या जागी मी येतो," म्हणाले. मी सगळ्यांना नको म्हटलं. लग्नाच्या दिवशी साउंडवाल्याने विचारलं, क्लॅरोनेटचा माईक कुठे लावू. त्यालाही नको म्हटलं. मास्तरांची ती सीटवरची शाल भाभींनी धुऊन, इस्त्री करून आणली होती. ती मी मुलीच्या खांद्यावर घातली.

हार हातात घेऊन ती थांबली. ढोलकी थांबली, माझ्या जागी बसवलेल्या पोराचा की-बोर्ड थांबला. तिने ऑर्केस्ट्राच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"पप्पा, मास्तरकाकांच्या जागी कोणीच नाही बोलावलं?"

"नाही गं," मी म्हटलं. "त्यांनी ते काम पेनाने लिहिलं होतं."