तळाला लागलेला गूळ

दगडूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळुरूच्या बिअरच्या कारखान्यात टाकी धूत होतो. मामी एवढंच म्हणाली, "सावकाश ये रं. त्यास्नी आता कसली घाई न्हाई..." मी पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

मामा उंब्रजकडचे गुळव्या. उकळत्या उसाच्या रसाची काहील, म्हणजे ती मोठी कढई, नेमकी कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस. हंगामात तंबाखूला शिवायचे नाहीत. जीभ बिघडते म्हणायचे. मी आष्ट्याचा, नववीत शाळा सोडलेला. घरच्यांनी आशा सोडली तेव्हा मामांनी चार हंगाम हाताखाली घेतलं. त्या शिदोरीवर मला बंगळुरूत काम मिळालं. तिथं भाजलेल्या जवाची काळीकुट्ट, कडक बिअर करतात आणि तिच्यात गूळ पडतो. तो वितळवायचं काम माझं.

दोन वर्षांमागे एकदा गूळ तळाला लागला. मी पातेलं घासून ठेवलं आणि कुणाला बोललो नाही. पण जिवाला घोर लागला. नोकरी गेली तर मला दुसरीकडं कोण उभं करणार? बिअर तयार झाल्यावर नमुन्याची एक बाटली घेऊन सुट्टीला थेट मामांकडं आलो. अमावास्या असल्यानं गुऱ्हाळही बंद होतं.

"हे काय, वंगण आणलंस व्हय?" मामा म्हणाले.

"आवं, बिअर हाय. लय भारी असती. चव तेवढी सांगा."

मामा दारू पीत नसत. त्यांनी चूळ भरली, एक घोट तोंडात घोळवला आणि परसात जाऊन थुंकून आले. मीच घाईनं म्हणालो, "कडू लागणारच. जव भाजलेलं असतंय."

"भाजल्याचं कडू येगळं रं. हे घशात खरवडतंय. कुणी करपवलं?"

मी बाटली उचलून पिशवीत घालू लागलो.

"मालकाला ठावं हाय?"

"न्हाई. काढून टाकतील मामा!"

"टाकू देत की. हितं ये, चिपाडं वाळवाय हाईतच. पर लोकांच्या तोंडात करपल्यालं घालून गप ऱ्हायचं न्हाई गड्या."

तिथंच बसून साहेबांना फोन लावला. पातेलं घासून ठेवल्याचंही सांगितलं. साहेबांनी ती अख्खी टाकी ओतून दिली. मला सहा महिने गुळाला हात लावू दिला नाही, पण काढलं नाही. आज मी उभा आहे तो त्या फोनमुळं, म्हणजे मामांमुळं, असंच मी धरून चाललो होतो.

परवा पुन्हा मामीला भेटायला गेलो. निघताना ती म्हणाली, "तुझ्या त्या फोननं ह्यांची झोप उडवली हुती."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. त्या फोननंतर त्याच हंगामात मामांच्या हातून एक काहील तळाला लागली. असला गूळ पुढच्या काहिलीत थोडा थोडा मिसळून टाकायची गुऱ्हाळावर रीतच. मामांनी मात्र ज्याचा ऊस होता त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. त्या माणसानं पुन्हा त्यांना बोलावलं नाही.

"म्या लय भांडले," मामी म्हणाली. "तर म्हंत्यात, 'पोराला सांगाय लावलं, आन मी चाळीस वर्सं मिसळतच आलो की गं...'"

त्या काहिलीतली एक काळपट ढेप मामांनी कागदात गुंडाळून फडताळात ठेवलेली आहे. मामी ती कुणाला खाऊ देत नाही, आणि टाकूही देत नाही.